अनारशाने अडवलेलं लायसन्स

मनोहर बिवलकरच्या सहीला कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर काडीची किंमत नव्हती. सही तशी झोकदार होती, ब‌ या अक्षराला चांगला गोंडा होता, शेवटी एक रेघ ओढलेली होती. ती रेशन कार्डावर चालत होती, पोस्टात चालत होती, मुलाच्या शाळेतही चालत होती. फक्त त्याने स्वतःच्या हाताने उघडलेल्या, रॉकेलने धुतलेल्या आणि पुन्हा जागच्या जागी बसवलेल्या इंजिनाच्या कागदाखाली ती चालत नव्हती. तिथे शरच्चंद्र मजुमदार यांचीच सही लागायची.

कायदाच तसा होता. विमान जमिनीवरून उचलायचं असेल तर रोज उड्डाणाआधी लायसन्सवाल्या इंजिनियरने ते तपासून ‘उडायला लायक’ असं लिहून द्यायचं. त्यातही एक सही इंजिनाची आणि एक सांगाड्याची. सांगाडा म्हणजे पंख, शेपटी, चाकं, पोट, इंजिन सोडून जे उरतं ते सगळं. शरतबाबूंकडे दोन्ही लायसन्सं होती. हँगरमधले बाकीचे लोक, मनोहर धरून, मेकॅनिक. हात त्यांचे, नाव शरतबाबूंचं. यात शरतबाबूंनी कुणाचं काही लुबाडलं होतं असं मुळीच नव्हे. विमान कुठे डोंगरावर आपटलं असतं तर तुरुंगात जायला पुढे त्यांनाच व्हावं लागलं असतं.

कंपनी लहानशी, खाजगी. लढाईच्या काळातली जुनी तीन डकोटा विमानं, दोन भोंगळ पंख्यांची, जमिनीवर उभी राहिली की नाक वर करून बसणारी. जाताना उत्तर बंगालला आणि आसामला कापड, औषधं, यंत्रांचे सुटे भाग न्यायचे, येताना चहाच्या पेट्या आणायच्या. एकदा एका मळ्यातल्या साहेबाचा पियानो नेला होता. तो चढवताना असा अडकला की दार काढावं लागलं. दार पुन्हा बसवल्यावर शरतबाबूंनी दाराची एकेक बिजागरी तपासली, सही केली, आणि मग म्हणाले, “पियानोची सही मी करणार नाही, बेसूर वाजला तर माझं नाव नको.”

मनोहर इथे पोचला तो सतराव्या वर्षी. आजऱ्याकडच्या एका गावातून मराठी सातवी होऊन, लांबच्या एका मामांचा पत्ता खिशात घालून. मामांनी त्याला हँगरमध्ये चिकटवला. सुरुवातीला काम झाडू मारायचं आणि इंजिनाखाली सांडलेलं तेल पत्र्याच्या ट्रेमध्ये धरायचं. तेल धरता धरता ते कुठून येतं हे त्याला कळायला लागलं, आणि मग तो काही तिथून हलेना.

पण तो लायसन्सचं नाव काढायला लागला तेव्हा एकेक दार बंद निघालं. पहिली अट मॅट्रिकची, तीही शास्त्र आणि गणित घेऊन. म्हणून त्याने लग्नाच्या वयात बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. रजा काढून, दोन दिवस गाडीत बसून कोल्हापूरला गेला. वर्गाच्या दारात मास्तर म्हणाले, “पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं.” मनोहरने हॉलतिकीट पुढे केलं. मास्तरांनी एकदा फोटो बघितला, एकदा त्याच्या मिशा बघितल्या आणि बाकावर जागा दिली. पास झाला, पण गणिताच्या पेपरापेक्षा त्या बाकात मांड्या घालताना जास्त त्रास झाला असं तो सांगायचा.

दुसरी अट अनुभवाची. नुसतं हँगरमध्ये काढलेली वर्षं धरत नाहीत. ज्या जातीच्या विमानाचं लायसन्स हवं, त्याच जातीच्या विमानावर काम केलेलं पाहिजे, आणि प्रत्येक काम लायसन्सवाल्याने डोळ्यांनी पाहून खरं म्हटलेलं पाहिजे. शरतबाबू यात महा चिवट. एकदा मनोहरने कार्बुरेटर बदलला तेव्हा ते चहाला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, “छान बसवलास. आता काढ.”

“काढू? दादा, अगदी नीट बसलाय.”

“असेल. मी पाहिला नाही. मी पाहिलं ते फक्त चहाचा पेला.”

काढला, पुन्हा बसवला. शरतबाबू स्टुलावर बसून बघत राहिले.

तिसरी अट लेखी परीक्षांची, आणि त्यातला पहिलाच पेपर कायद्याचा, इंग्रजीतून. पहिल्या खेपेला मनोहर त्यात आडवा झाला. दुसऱ्या खेपेला बायकोने त्याला वर ओढला. शकुन बेळगावची, मॅट्रिक झालेली, आवाज खणखणीत. पोळ्या लाटता लाटता ती प्रश्न विचारायची आणि पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं असायचं. होता होता तिलाही नियम पाठ झाले. मनोहर बाजारातून भाजी घेऊन आला आणि “ताजी आहे हो” म्हणाला की ती विचारायची, “स्वतः तपासलीत? मग करा सही.”

पेपर सुटले. पण त्यातही मेख होती. लेखी परीक्षा पास झाल्यावर ठरलेल्या मुदतीत तोंडी परीक्षा झाली नाही, तर लेखीचं पासही वाया. पुन्हा पहिल्यापासून. आणि तोंडी व्हायची ती विमानाशेजारी उभं राहून, सरकारी परीक्षकासमोर. तो बोट दाखवणार आणि हा सांगणार.

एकाहत्तर साली हे सगळं गळ्याशी आलं. पुढच्या मार्चअखेर शरतबाबू निवृत्त होणार होते. मॅनेजरसाहेबांनी मनोहरला बोलावून सरळ सांगितलं, “बिवलकर, मार्चच्या आत लायसन्स आणलंस तर मजुमदारांची खुर्ची तुझी. नाही आणलंस तर मद्रासचा एक माणूस तयार आहे. त्याच्याकडे दोन्ही लायसन्सं आहेत. मला विमानं उडवायची आहेत, तुझी वाट बघत बसायचं नाही.”

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. सहीशिवाय विमान उडत नाही हे मनोहरला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण मद्रासचा माणूस एकदा बसला की पंचवीस वर्षं उठणार नाही, आणि आपण त्याच्या हाताखाली पाने-पक्कड देत म्हातारे होणार, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने तोंडी परीक्षेचा अर्ज केला. सरकारी कचेरीने कळवलं, दिवाळीनंतर बोलावू.

आणि मग दिवाळी आली.

कलकत्त्यात मराठी माणसं मूठभर. कुणी बँकेत बदलून आलेला, कुणी सरकारी हिशेबखात्यात, कुणी तिथेच जन्मलेला मास्तर किंवा डॉक्टर. त्यामुळे एक रीत पडून गेली होती. दिवाळीच्या सुमाराला कुणी नवं मराठी घर आलं, की त्या घरच्या बाईने पहिल्या वर्षी फराळाचं काही करायचं नाही. सामान अजून पेट्यांत, दुकानं ठाऊक नाहीत, भाजणी कुठे दळून मिळते ते ठाऊक नाही. सगळ्या घरांतून तिच्याकडे ताटं जायची. कुणाची चकली, कुणाचे लाडू. शकुनकडे दर वर्षी अनारसे असायचे. गोबिंदभोग तांदूळ भिजत घालून ती असे अनारसे करायची की वरची खसखस मोजून लावल्यासारखी दिसायची, आणि तुपात एकही हसायचा नाही की विरघळायचा नाही.

त्या वर्षी नवं घर होतं देवस्थळींचं. दिल्लीहून बदलून आलेले, सेंट्रल गव्हर्नमेंटमधले कुणी साहेब, एवढंच तिथल्या मराठी मंडळात कळलं होतं. कुठलं खातं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण मंडळातली निम्मी माणसं सेंट्रल गव्हर्नमेंटमधलीच. शकुनने ताट भरलं, वर विणलेला रुमाल घातला आणि मुलाबरोबर पाठवून दिलं. दोन दिवसांनी ताट परत आलं. देवस्थळींच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, त्यात नारळाच्या वड्या घातल्या होत्या, कारण दुसऱ्याचं ताट रिकामं कसं पाठवायचं?

दिवाळी संपली आणि मनोहरला सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. दारावर पाटी होती, श्रीकांत देवस्थळी. पाटी वाचूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, उलट वाटलं, वा, परीक्षक मराठी आहे, जरा बोलायला बरं.

“बसा, बिवलकर,” साहेब मराठीत म्हणाले. बारीक चणीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, टेबलावर एक कागद वाकडा नाही. “अनारसे तुमच्याकडचे होते?”

मनोहरचा चेहरा फुलला. “हो साहेब! आवडले?”

“तीन खाल्ले.”

“अजून आहेत घरी. आमची मंडळी म्हणतच होती की…”

“थांबा, थांबा.” साहेबांनी हात वर केला. “तीच पंचाईत झाली आहे. पुढच्या आठवड्यात मी तुमची तोंडी घेणार होतो. आता मला घेता येणार नाही.”

मनोहरला आधी थट्टाच वाटली. मग त्याने साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. “साहेब, फराळ तर मंडळातल्या सगळ्यांनीच पाठवला.”

“पाठवला ना. आठ दिवस आम्ही चकल्याच खातोय. पण ते सगळे माझ्यापुढे परीक्षेला उभे राहणार नाहीत.”

“आमच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हतं हो. ताट नव्या बिऱ्हाडी गेलं, परीक्षकाकडे नाही गेलं.”

“मला कळतं ते. नाहीतर मी तुम्हाला इथे बसवून मराठीत बोललो असतो का?” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “पण असं बघा. मी तुम्हाला पास केलं आणि उद्या तुमच्या सहीच्या विमानाला काही झालं, तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येईल, की परीक्षक उमेदवाराच्या घरचं काय काय खात होते? आणि नापास केलं, तर मंडळात म्हणतील, देवस्थळ्यांना अनारसे पचले नाहीत. दोन्हीकडून मेलो. त्यात आमच्या हिने ताटात वड्या घालून पाठवल्या. म्हणजे देवाणघेवाण पुरी झाली! मी दिल्लीला लिहितो आहे, दुसरा परीक्षक पाठवा म्हणून.”

“मी मुंबईला जाऊन परीक्षा दिली तर?”

“मुंबईत तुम्हाला डकोटा कोण दाखवणार? विमान इथे, म्हणून परीक्षक इथेच आला पाहिजे.”

“कधी येईल?”

“येईल तेव्हा,” साहेब म्हणाले, आणि त्यांनाही ते सांगताना बरं वाटलं नाही हे दिसत होतं.

मनोहरने घरी येऊन सांगितलं तेव्हा शकुन पोळपाटाशीच बसली होती. लाटणं तिच्या हातातच राहिलं.

“म्हणजे माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे कसं? रीतच आहे ती.”

“मी जाऊन सांगते त्यांना, बिघडले होते म्हणून. तूप जुनं होतं म्हणून सांगते.”

“अगं, ते तीन खाल्ले म्हणाले.”

“तीन?” शकुनच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की मनोहरला एवढ्या संकटातही हसू फुटलं. मग ती पुन्हा रडवेली झाली. “एवढा मोठा कायद्याचा पेपर मी तुम्हाला पाठ करून दिला, आणि त्यात हे कुठे लिहिलं होतं?”

दुसऱ्या दिवशी वसंतराव आले. वसंतराव म्हणजे मंडळाचे जुने सेक्रेटरी, जन्म कलकत्त्यातला, जगातली कुठलीही अडचण आपल्या ओळखीने सुटते अशी त्यांची खात्री. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, “मनोहरपंत, काही काळजी करू नका. देवस्थळी आपलाच माणूस आहे. मी एक शब्द टाकतो.”

“वसंतराव, पाया पडतो तुमच्या,” मनोहर खरंच वाकला. “एका ताटाने मी महिनोन् महिने मागे गेलो. तुम्ही शब्द टाकलात तर मी जन्माचा मेकॅनिक राहीन.”

“लोकांचं भलं करायलाही आता परवानगी काढायची का?” म्हणत वसंतराव चहा पिऊन गेले. पण शब्द टाकला नाही, एवढे त्यांचे उपकारच झाले.

हँगरमध्ये मात्र ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. शरतबाबू पोट धरून हसले. “आरे बाबा, मी या हँगरमध्ये विमान पावसाने अडलेलं पाहिलंय, गायीने अडलेलं पाहिलंय, मंत्र्याने अडलेलं पाहिलंय. गोड वड्याने अडलेला इंजिनियर पहिल्यांदा बघतोय!” मग हसणं थांबवून म्हणाले, “मार्चच्या आत येईल ना रे तो दिल्लीवाला?”

त्यांना मनातून स्वतःचीही घाई होती. ते मूळचे सरहद्दीपलीकडच्या पूर्व बंगालमधल्या बारीसालचे. फाळणीत घर सोडून आलेले. पलीकडे सगळं धुमसत होतं, पण निवृत्त झालो की बायकोला, सुचित्रादेवींना, घेऊन एकदा ते घर बघून यायचं असा त्यांचा बेत होता. घर उरलं असेल तर.

दिल्लीवाल्याची तारीख आली ती डिसेंबरातली. आणि डिसेंबरात लढाई सुरू झाली. कलकत्त्यात दिव्यांना काळे कागद लागले, हँगरच्या काचा रंगवल्या, विमानतळावर जिकडे तिकडे लष्कर. परीक्षा कुठली आणि परीक्षक कुठला! लढाई लवकर संपली, गावभर मिठाई वाटली गेली, शरतबाबू तर हँगरमध्येच रडले. त्यांचं बारीसाल आता परक्या पण मित्रदेशात होतं. मनोहरही आनंदात सामील झाला, पण हातात संदेशाची मिठाई धरून तो मनात हिशेब करत होता की आता जानेवारी, मग फेब्रुवारी. मद्रासच्या माणसाचं पत्र आलं होतं, एक एप्रिलला रुजू होतो म्हणून. लेखीच्या पासाची मुदतही जूनअखेरपर्यंतच होती.

मार्चच्या मध्यावर दिल्लीचे साहेब आले. सकाळी निघताना शकुनने मनोहरच्या हातावर दही ठेवलं आणि विचारलं, “हे चालतं ना नियमाला?”

“माझ्या हातावर चालतं,” मनोहर म्हणाला. “त्यांच्या हातावर ठेवायला जाऊ नकोस म्हणजे झालं.”

एकदा पोळलेला माणूस, त्याने हँगरच्या कँटीनवाल्याला बजावून ठेवलं होतं, साहेबांना पाण्याशिवाय काही विचारायचं नाही. दिल्लीचे साहेब उंच, घोगऱ्या आवाजाचे, उन्हातून आले होते. तासभर झाला तरी चहा आला नाही तेव्हा इकडे तिकडे बघून हिंदीत म्हणाले, “या कंपनीत चहाच्या पेट्या रचून ठेवल्यात, आणि प्यायला कुणी विचारत नाही?”

शरतबाबू गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “सर, या उमेदवाराला खाण्यापिण्याचा वाईट अनुभव आहे.” मग त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा ओतून दिला, कारण शरतबाबूंची काही परीक्षा नव्हती.

आधी इंजिन. साहेबांनी डकोटाच्या पंख्याकडे बोट केलं. “विमान रात्रभर उभं होतं. सकाळी चालू करण्याआधी पंखा हाताने फिरवतोस. मध्येच अडला. काय करशील?”

“थांबेन,” मनोहर म्हणाला.

“जोर लावून बघणार नाहीस?”

“नाही सर. खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचलेलं असतं. जोर लावला तर आतला दांडा वाकेल. उलटाही फिरवणार नाही, तेल दुसरीकडे ढकललं जाईल आणि चालू झाल्यावर परत येईल. खालचे प्लग काढीन, तेल गळू देईन, मग पुन्हा फिरवीन.”

“पायलट घाई करतोय.”

“करू दे. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर घाई कुणाच्या कामाची?”

साहेब हसले नाहीत, पण पुढे सरकले. एक ना दोन, इंजिनाचे प्रश्न चालले होते आणि मनोहर पाण्यातल्या माशासारखा सरसर उत्तरं देत होता. शरतबाबू लांब स्टुलावर बसून पेपर वाचल्याचं नाटक करत होते. पेपर उलटा होता.

मग साहेब शेपटीकडे गेले. डकोटाचं शरीर पत्र्याचं, पण शेपटीचं वळायचं पान कापडाचं असतं, सांगाड्यावर ताणून शिवलेलं, वरून रोगण दिलेलं. साहेबांनी त्यावर टिचकी मारली. “इथे फाट पडली. किती मोठी असेल तर इथल्या इथे शिवायची, आणि किती मोठी असेल तर सगळं कापड बदलायचं?”

मनोहरने त्या कापडावरून बोट फिरवलं. अशा किती फाटी त्याने शिवल्या होत्या! टाके त्याचे सुरेख पडायचे. पण फाट बघायची ती शरतबाबूंनी. ते वाकून बघायचे, “शिव” म्हणायचे किंवा “फाड सगळं” म्हणायचे.

“सर,” तो म्हणाला, “शरतबाबू बघून सांगतात.”

स्टुलावरचा पेपर खाली आला.

“मी शरतबाबूंना विचारलं नाही. पुस्तक काय सांगतं?”

साहेबांनी आणखी दोन प्रश्न विचारले, शेपटीच्या तारा किती ताणायच्या ते, आणि पंखाच्या जोडावरचे बोल्ट कधी उघडून बघायचे ते. दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांपुढे शरतबाबूंचं बोटच आलं, पुस्तकाचं पान आलं नाही. तारांचं काहीतरी बोलला, बोल्टचं अर्धवट सांगितलं.

साहेबांनी वही मिटली आणि तिथेच सांगून टाकलं. “इंजिन, पास. चांगला पास. सांगाडा, नाही. तीन महिन्यांनी पुन्हा ये.” मग जरा मऊ आवाजात, “तुझे हात शिकलेले आहेत. पण सही हातांची नसते, ठरवणाऱ्याची असते. ठरवायचं काम तू आजवर दुसऱ्यावर ठेवलंस.”

ते गेल्यावर शरतबाबू मनोहरवर असे धावून आले की बाकीचे मेकॅनिक बाजूला झाले. “गाढवा! माझं नाव कशाला घेतलंस? नियमाच्या जागी शरतबाबू! माझं नाव सांगून आजपर्यंत कुणी पास झालंय?”

“तोंडात दुसरं काही आलंच नाही, दादा.”

“तेच तर! अरे, मी कापड बघून सांगतो ते काय देवाने कानात सांगितलं म्हणून? पुस्तक वाचलं होतं मी. तू जन्मायच्या आधी!” आणि मग धाप लागून तेच त्याच्या शेजारी खोक्यावर बसले.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना बोलावलं. त्यांच्यापुढे गणित साधं होतं. मद्रासच्या माणसाची दोन लायसन्सं, मनोहरचं अर्धं काम. ते म्हणाले, “बिवलकर, मी शब्द पाळणारा माणूस आहे. पण अर्ध्या सहीवर विमान उडत नाही. सांगाड्याची सही कोण करणार?”

अर्धं लायसन्स म्हणजे एका पंखाचा कावळा. मनोहर मान खाली घालून निघायला वळला.

“मी करीन,” शरतबाबू म्हणाले.

“तुम्ही एकतीसला घरी चाललात, मजुमदार.”

“मुदत वाढवून द्या. सहा महिने. इंजिन हा बघेल, सांगाडा मी बघतो. मद्रासवाल्याला लिहून टाका, थांब म्हणून.”

“आणि तुमचं बारीसाल?”

“चोवीस वर्षं ते माझ्याशिवाय जागेवर आहे. अजून सहा महिने कुठे पळून जात नाही. पण माझी एक अट आहे. रोज सकाळी हा मला सांगाड्याचा एक नियम सांगेल, पुस्तक उघडून. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी चहा नाही.”

मॅनेजरसाहेबांनी दोघांकडे बघितलं, टेबलावर पेन्सिल दोनदा आपटली. “दुर्गापूजेपर्यंत,” ते म्हणाले. “पूजेनंतर मी कुणाचं ऐकणार नाही.”

घरी सुचित्रादेवींनी शरतबाबूंशी आठवडाभर अबोला धरला. बॅगा बांधून झाल्या होत्या त्यांच्या. शकुन हे ऐकून भेटायला गेली, रिकाम्या हाताने गेली, आणि दोघी बायका दुपारभर आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवत बसल्या. तिला बंगाली बेताचं, त्यांना मराठी शून्य, पण हा विषय असा की भाषा कुठे अडली नाही.

लायसन्स हातात पडायला एप्रिल उजाडला. दुसऱ्या सकाळी उत्तर बंगालमधल्या बागडोगऱ्याचं विमान लागलं होतं. मनोहरने पंखा हाताने फिरवून बघितला, दोन्ही इंजिनं चालवून बघितली, झाकणं उघडली, बंद केली, पुन्हा एकदा उघडली. शरतबाबू शेपटीकडून फिरून आले. तपासणीचा कागद मोटारीच्या बॉनेटवर ठेवावा तसा चाकाच्या रबरावर टेकवून त्यांनी सांगाड्यासमोर सही केली आणि पेन मनोहरकडे दिलं.

मनोहरने सही केली. इतकी वर्षं त्याने ती सही गोंडा काढून, रेघ ओढून केली होती, पण इथे केली ती साधी, वाचता येईल अशी.

पायलट शिडीपाशी कागद वाचत उभा राहिला. “इंजिन, बिवलकर. हा कोण?”

“मी,” मनोहर म्हणाला.

पायलटने त्याच्याकडे बघितलं. रोजचाच माणूस, रोजचाच तेलाचा डाग. मग मान हलवली, कागद घडी करून खिशात घातला आणि वर चढला. शिडी निघाली, पंखे फिरले, विमान लांबवर जाऊन वळलं, धावलं आणि उचललं. मनोहर तिथेच उभा. विमान ठिपक्याएवढं झालं तरी तो उभा, आवाज ऐकू येईनासा झाला तरी उभा. त्याच्या नावावर काहीतरी आकाशात चाललं होतं आणि ते आता त्याला थांबवता येणार नव्हतं. तळहाताला घाम सुटला होता.

“दादा,” तो म्हणाला, “तुम्हाला रोज असं होतं?”

“रोज,” शरतबाबू म्हणाले. “बागडोगऱ्याहून पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी जेवत नाही. तुला काय वाटलं, मी डबा उशिरा खातो तो हौसेने?”

दोघे हँगरमध्ये आले. मनोहरने कपाटातलं पुस्तक काढलं, शेपटीच्या कापडाचं पान शोधलं आणि निरोपाची वाट बघत मोठ्याने वाचायला सुरुवात केली.